केनियात मत कशाला पडतं: जमातीला की भीतीला?

२७ डिसेंबर २००७ रोजी केनियात राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान झालं. तीन दिवसांनी म्वाई किबाकी विजयी झाल्याची घोषणा झाली आणि त्याच संध्याकाळी घाईघाईने त्यांचा शपथविधीही उरकण्यात आला. अधिकृत आकड्यांप्रमाणे त्यांनी राइला ओडिंगा यांना सुमारे २ लाख ३२ हजार मतांनी हरवलं होतं. जवळपास पंधरा वर्षांनी, ९ ऑगस्ट २०२२ रोजी, असंच अटीतटीचं मतदान झालं. विल्यम रुटो जिंकले, हरले पुन्हा ओडिंगाच, आणि फरक होता सुमारे २ लाख ३३ हजार मतांचा.

पहिल्या निकालानंतरच्या दोन महिन्यांत १,१०० हून अधिक माणसं मारली गेली आणि सहा लाखांच्या आसपास लोकांना घरदार सोडून पळावं लागलं. एल्डोरेटजवळच्या कियांबा गावात चर्चमध्ये आसऱ्याला गेलेली बायकामुलं १ जानेवारी २००८ रोजी जिवंत जाळली गेली. दुसऱ्या निकालानंतर ओडिंगा सर्वोच्च न्यायालयात गेले. सात न्यायमूर्तींनी एकमताने त्यांची याचिका फेटाळली. निकाल पटलेला नाही, तरी न्यायालयाचा मान राखतो, असं त्यांनी जाहीर केलं. ओडिंगांचा बालेकिल्ला असलेल्या किसुमूत आणि नैरोबीच्या वस्त्यांमध्ये टायर जळले, दगडफेक झाली, पण गावंच्या गावं पेटली नाहीत.

देश तोच, जमाती त्याच, हरलेला उमेदवारही तोच. मग एकदा देश जळाला आणि एकदा सावरला, हे कशामुळे? आफ्रिकेतल्या लोकशाहीबद्दल बोलायचं तर मला याच प्रश्नापासून सुरुवात करावीशी वाटते. ‘तिथे काय, टोळ्याटोळ्यांची भांडणं’ हे आपल्याकडे सहज दिलं जाणारं उत्तर या प्रश्नापुढे टिकत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर हेच कारण असतं, तर ते २०२२ मध्ये कुठे गेलं होतं?

माझं म्हणणं असं आहे की केनियाचा मतदार जमातीवरच्या आंधळ्या मायेपोटी मत देत नाही. ज्या राज्यव्यवस्थेत हरणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही, तिथे आपण कायमचे बाहेर फेकले जाऊ ही भीती त्याला आपल्यातल्या माणसाकडे नेते. ही भीती कमी झाली आणि मोजणी लोकांच्या डोळ्यांसमोर झाली, की जमातीची पकडही सैल होते. केनियाच्या साठ वर्षांच्या इतिहासात याचे पुरावे दोन्ही बाजूंनी सापडतात.

आधी लोकसंख्येकडे पाहू. २०१९ च्या जनगणनेनुसार केनियाची लोकसंख्या ४ कोटी ७६ लाख होती. त्यात किकुयू सुमारे ८१ लाख, लुह्या ६८ लाख, कालेंजिन ६४ लाख, लुओ ५१ लाख आणि कांबा ४७ लाख. म्हणजे सर्वांत मोठी जमातसुद्धा १७ टक्क्यांच्या आसपास. एकट्याच्या बळावर कुणीच जिंकू शकत नाही, युती करावीच लागते. आणि या युत्या किती वेळा उलटल्या ते पाहण्यासारखं आहे. २००७ मध्ये कालेंजिन नेते रुटो हे लुओ नेते ओडिंगांच्या बाजूला होते आणि दोघं मिळून किकुयू किबाकींच्या विरोधात लढत होते. हिंसाचारानंतर किकुयू नेते उहुरू केन्याटा आणि रुटो या दोघांवरही आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात आरोप ठेवले गेले, तेही एकमेकांच्या समाजाविरुद्ध हिंसा घडवल्याचे. २०१३ मध्ये हेच दोघं एकत्र आले आणि ५०.०७ टक्के मतांनी निवडून आले. २०२२ मध्ये केन्याटांनी रुटोंना सोडून ओडिंगांचा हात धरला. २०२५ मध्ये रुटो आणि ओडिंगा यांनी सहकार्याचा करार केला. जे वैर प्राचीन आणि अटळ असल्याचं सांगितलं जातं, ते दर पाच वर्षांनी बाजू कशी बदलतं?

जमात ही खरी गोष्ट नाही, असं मला अजिबात म्हणायचं नाही. भाषा, लग्नसंबंध, मृतांना पुरण्याची जमीन, गावाकडचं घर या सगळ्यातून ती रोजच्या जगण्यात भिनलेली आहे. पण जगण्यातली ओळख राजकीय फळी कशी बनते, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर बरंचसं सरकारी कायद्यांमध्ये आहे. इंग्रजांनी आफ्रिकी लोकांना जमातवार राखीव प्रदेशांत कोंडलं आणि मधली उत्तम जमीन गोऱ्या शेतकऱ्यांसाठी ठेवली. इंग्रजांविरुद्धच्या माऊ माऊ उठावानंतर, १९५५ पासून, आफ्रिकी लोकांना राजकीय संघटना काढायला परवानगी मिळाली, पण फक्त जिल्ह्यापुरती. देशव्यापी पक्षावर बंदी. जिल्हे आखलेले जमातीप्रमाणे, त्यामुळे १९५७ मध्ये आफ्रिकी लोक पहिल्यांदा विधिमंडळाच्या निवडणुकीत उतरले तेव्हा राजकारणाची घडी आधीच बसलेली होती. कालेंजिन हे सामायिक नावसुद्धा १९४० च्या दशकात रूढ झालं. त्याआधी नांदी, किप्सिगिस, तुगेन असे वेगवेगळे समाज होते. आज ज्याला आपण हजारो वर्षांची जमात समजतो, तिच्या राजकीय रूपाचं वय अनेकदा एका माणसाच्या आयुष्याएवढंच असतं.

स्वातंत्र्यानंतर हे बदलता आलं असतं. त्या काळात दुसरी वाट खरोखर खुली होती, आणि तिथे आपल्या कोकण किनाऱ्याशी असलेलं एक नातंही समोर येतं. नैरोबीत गोवेकर आईबापांच्या पोटी जन्मलेले पियो गामा पिंटो हे केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यात आणि गोवामुक्तीच्या चळवळीत, दोन्हीकडे होते. इंग्रजांनी त्यांना काही वर्षं स्थानबद्ध ठेवलं होतं. स्वातंत्र्यानंतर ते संसदेत गेले आणि गोऱ्यांकडून सुटलेली जमीन नव्या सत्ताधाऱ्यांच्या खिशात न जाता भूमिहीनांना मिळावी, या बाजूने उभे राहिले. त्यांचे सोबती होते उपराष्ट्राध्यक्ष ओगिंगा ओडिंगा, राइला यांचे वडील. लुओ नेता, गोवेकर कार्यकर्ता आणि त्यांच्यासोबत बिल्दाद काग्गियासारखा किकुयू सहकारी, असा हा गट जमिनीच्या प्रश्नावर बांधला गेला होता. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी पिंटोंना त्यांच्या घराच्या फाटकापाशीच गोळ्या घालून मारण्यात आलं. स्वतंत्र केनियातली ही पहिली राजकीय हत्या. पुढच्या वर्षी ओगिंगा ओडिंगा सरकारबाहेर पडले आणि त्यांनी नवा पक्ष काढला. त्यांच्या जागी उपराष्ट्राध्यक्ष झालेले जोसेफ मुरुंबी हे गोवेकर वडील आणि मासाई आईचे पुत्र. तेही काही महिन्यांतच पद सोडून गेले. ५ जुलै १९६९ रोजी लुओ समाजातले मंत्री टॉम म्बोया यांची भर नैरोबीत हत्या झाली. ऑक्टोबरात किसुमूमध्ये राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा (उहुरूंचे वडील) यांच्या दौऱ्यात जमावावर गोळीबार झाला, आणि लगेच ओडिंगांच्या पक्षावर बंदी आली.

मला हे चार-पाच वर्षांचं प्रकरण केनियाच्या राजकारणातलं सर्वांत निर्णायक वाटतं. जमीन कुणाला, संपत्तीची वाटणी कशी, या प्रश्नांवर लोकांना एकत्र आणू पाहणारं राजकारण गोळीने आणि बंदीने संपवलं गेलं. मुद्द्यावर पक्ष काढायची सोय राहिली नाही, तेव्हा लोकांकडे संघटित व्हायला उरली ती जमातच. मग पुढची पन्नास वर्षं जगाने त्याच लोकांना ‘हे जमातीपलीकडे विचारच करत नाहीत’ असं ऐकवलं.

जमिनीचं पुढे काय झालं, ते रिफ्ट व्हॅली प्रांतातल्या कियांबाच्या आगीत दिसलं, जिथे जळाले ते किकुयू होते. रिफ्ट व्हॅलीतल्या गोऱ्यांच्या जमिनी मूळ रहिवाशांना परत न देता कर्ज काढून विकत घ्यायच्या, असं धोरण ठरलं. ज्यांच्याकडे पैसा आणि सत्तेशी ओळख होती त्यांनी मोठे तुकडे घेतले. शेकडो गरीब किकुयू कुटुंबांनीही जमीनखरेदी कंपन्यांमध्ये पैपैसा घालून छोटे तुकडे घेतले. आसपासच्या कालेंजिन आणि मासाई लोकांच्या मनात आपली जमीन गेल्याचं शल्य राहिलं. बड्यांची शेती शाबूत राहिली आणि १९९२, १९९७, २००८ अशा प्रत्येक वेळी राग निघाला तो शेजारच्या दोन एकरवाल्यावर.

१९९२ चं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. एकपक्षीय राजवटीच्या शेवटी, डिसेंबर १९९१ मध्ये, दडपणाखाली राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांनी बहुपक्षीय निवडणुका मान्य केल्या. नियम असा होता की विजेत्याला आठपैकी किमान पाच प्रांतांत २५ टक्के मतं हवीत. हेतू चांगलाच होता, उमेदवाराने आपल्या मुलखाबाहेर जावं. पण निवडणुकीच्या तोंडावर रिफ्ट व्हॅलीत मोईविरोधी समाजांची घरं जाळून त्यांना हुसकावण्यात आलं. विस्थापित झालेला माणूस मतदानाला येत नाही आणि विरोधकाला त्या प्रांतात २५ टक्के मिळत नाहीत. सत्ताधारी पक्षातल्या बड्या माणसांचा यात हात असल्याचं संसदीय समितीने आणि पुढे या दंगलींच्या चौकशीसाठी नेमलेल्या अकिवुमी आयोगानेही नोंदवलं. मोई ३६ टक्क्यांच्या आसपास मतांवर जिंकले, कारण विरोधक तीन मोठ्या उमेदवारांत फुटले होते. याला जमातींचा उद्रेक म्हणायचं असेल, तर तो घडवणारे हात सरकारी कचेऱ्यांत शोधावे लागतील.

मग बहुपक्षीय निवडणुकाच नकोत, असा निष्कर्ष काढणारे आफ्रिकेत आणि आफ्रिकेबाहेरही पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी एक अभ्यास महत्त्वाचा आहे. १९६३ ते २०११ या काळात केनियात रस्त्यांवरचा खर्च कुठे झाला, हे काही अर्थशास्त्रज्ञांनी तपासलं. राष्ट्राध्यक्षाच्या जमातीच्या जिल्ह्यांवर इतरांच्या दुप्पट खर्च झाला होता आणि तिथे जवळपास पाचपट लांबीचे डांबरी रस्ते बांधले गेले होते. पण हा पक्षपात प्रामुख्याने एकपक्षीय काळातला. बहुपक्षीय निवडणुका असलेल्या वर्षांत तो जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे ‘आपला माणूस खुर्चीत असेल तरच आपल्या गावाला रस्ता’ ही समजूत अडाणीपणातून आलेली नव्हती. हुकूमशाहीच्या काळात ती अक्षरशः खरी होती. लोक अनुभवातून शिकले होते. निवडणुकांनी तो अनुभव हळूहळू बदलायला घेतला, पण अनुभव बदलला तरी त्याची भीती मनातून जायला फार काळ लागतो.

२००७ मध्ये नेमकं काय मोडलं होतं? किबाकींनी निवडणूक आयोगावर बहुतेक नवे सदस्य विरोधकांशी सल्लामसलत न करता नेमले होते. मतं मोजली जात असताना आकडे कुठून येतात हे कुणाला दिसत नव्हतं. खुद्द आयोगाचे अध्यक्ष सॅम्युअल किवुइटू यांनी नंतर सांगितलं की किबाकी जिंकले की नाही हे आपल्याला माहीत नाही. दाद मागायची ती राष्ट्राध्यक्षांनीच नेमलेल्या न्यायालयांत, आणि तिथे न्याय मिळेल यावर विरोधकांचा काडीचाही विश्वास नव्हता. पुढे या निवडणुकीची चौकशी करणाऱ्या क्रीगलर आयोगाने म्हटलं की नोंदी इतक्या दूषित झाल्या आहेत की खरा विजेता ठरवणंच शक्य नाही. अशा वेळी हरलेल्या माणसाला शांत राहा म्हणून सांगणं म्हणजे त्याला लुटून वर समजूतदारपणाची अपेक्षा करणं.

कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने समेट झाला आणि २०१० मध्ये नवं संविधान आलं. जनमतात त्याला ६७ टक्के मतं पडली. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे ४७ काउंट्या. प्रत्येक काउंटीला निवडून आलेला गव्हर्नर, स्वतःची सभा आणि राष्ट्रीय महसुलातला किमान १५ टक्के वाटा. नैरोबीतली खुर्ची हातची गेली तरी गावच्या दवाखान्यासाठी पैसा येणार. राष्ट्राध्यक्षाला निम्म्याहून अधिक मतं आणि निम्म्याहून अधिक काउंट्यांमध्ये किमान २५ टक्के मतं, अशी नवी अट आली, आणि हरणाऱ्याचं सर्वस्व जाणंही थांबलं.

न्यायालयही बदललं. १ सप्टेंबर २०१७ रोजी सरन्यायाधीश डेव्हिड मारागा यांच्या नेतृत्वाखालच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यमान राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटांची निवड रद्द केली. आफ्रिकेत असं पहिल्यांदाच घडलं. त्या साऱ्या प्रकरणात वाईटही बरंच होतं. आयोगाच्या तंत्रज्ञान विभागाच्या प्रमुखाचा मतदानाच्या काही दिवस आधी छळ करून खून झाला. निकालानंतर लुओ वस्त्यांमध्ये पोलिसांनी माणसं मारली. फेरमतदानावर ओडिंगांनी बहिष्कार घातला आणि चाळीस टक्केही मतदार फिरकले नाहीत. तरीही त्या एका निकालाने हरणाऱ्याला रस्त्याऐवजी न्यायालयात जाण्याचं खरं कारण मिळालं. २०२२ मध्ये ४६ हजारांहून अधिक मतदान केंद्रांची निकालपत्रकं आयोगाने जशीच्या तशी लोकांसाठी खुली केली. वृत्तवाहिन्यांनी, पक्षांनी, कॉलेजच्या पोरांनी स्वतः बेरजा केल्या. सातपैकी चार आयुक्तांनी अंतिम निकालाशी फारकत घेतली, तरी आकडे लोकांपुढेच होते. २००७ आणि २०२२ मधला फरक माझ्या मते इथेच आहे.

आणि याच निवडणुकीत जमातीचं गणितही हललं. किकुयूंच्या माउंट केनिया परिसरात केन्याटांचा शब्द अंतिम मानला जायचा. त्यांनी ओडिंगांना पाठिंबा दिला, ओडिंगांनी मार्था करुआ या त्याच भागातल्या नेत्याला सोबतीला घेतलं, तरी तिथल्या मतदारांनी मोठ्या संख्येने रुटोंना मत दिलं. हातगाडीवाला, भाजीवाली, बोडाबोडा म्हणजे मोटरसायकल टॅक्सी चालवणारा पोरगा यांची भाषा रुटो बोलत होते. रुटोंच्या सोबतही रिगाथी गाचागुआ हे किकुयू नेते होतेच, त्यामुळे हे मतदान निव्वळ वर्गाच्या जाणिवेतून झालं असं मी म्हणणार नाही. पण जमातीचा सर्वांत मोठा नेता एकीकडे आणि जमात दुसरीकडे, हे दृश्य पूर्वी कल्पनेतही बसलं नसतं.

पुढाऱ्यांना हे पचलं नाही. उपराष्ट्राध्यक्ष झाल्यावर गाचागुआ यांनी सरकारची तुलना कंपनीशी केली. ज्यांनी मतं दिली ते भागधारक, त्यांना आधी मिळणार. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाभियोगाने त्यांना पदावरून काढण्यात आलं. समाजात फूट पाडल्याचा आरोप त्यात होता. काढणाऱ्यांचे हेतू शुद्ध होते असं मानायला जागा नाही, पण ते वाक्य संविधानाच्या मुळावर येणारं होतं, यात शंका नाही. त्याआधी केन्याटा आणि ओडिंगा यांनी मिळून संविधानदुरुस्तीची मोठी योजना आणली होती. सर्वसमावेशकतेच्या नावाखाली त्यात पंतप्रधान आणि उपपंतप्रधान अशी नवी पदं होती, म्हणजे प्रत्येक मोठ्या जमातीच्या नेत्याला एकेक खुर्ची. मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती थांबवली, हे फार बरं झालं. नेत्याला पद मिळालं की त्याच्या समाजाला न्याय मिळाला, ही आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत चाललेली फसवणूक आहे, आणि किसुमूच्या कोळ्याला किंवा तुर्कानाच्या मेंढपाळाला त्यातून कधीच काही मिळालेलं नाही.

जून २०२४ मध्ये केनियाच्या तरुण पिढीने याला उघड नकार दिला. ब्रेडपासून गाड्यांपर्यंत कर वाढवणाऱ्या वित्त विधेयकाविरुद्ध मुलं-मुली रस्त्यावर उतरली. त्यांनी विधेयकाचे स्थानिक भाषांत अनुवाद करून मोबाइलवर पसरवले. जमात नाही, पक्ष नाही, नेता नाही, अशी घोषणा होती. २५ जूनला संसदेत आंदोलक घुसले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, आणि दुसऱ्या दिवशी रुटोंनी विधेयक मागे घेतलं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या नोंदीनुसार त्या काही महिन्यांत साठच्या आसपास लोक मारले गेले. सरकारने यावर काय उत्तर दिलं? ओडिंगांच्या पक्षातले नेते मंत्रिमंडळात घेतले. मुलं भाकरीच्या किमतीबद्दल बोलत होती आणि उत्तर आलं ते जमातींच्या बेरजेचं.

आपल्या शेजारचा टांझानिया पाहा, असं केनियात नेहमी ऐकवलं जातं. तिथले पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांनी स्वाहिली रुजवली, तिथे जमातीचं राजकारण जवळजवळ नाही, आणि ही कमाई मोठी आहे. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे प्रमुख विरोधी नेता तुरुंगात, त्याचा पक्ष निवडणुकीबाहेर आणि राष्ट्राध्यक्षांना जवळपास ९८ टक्के मतं. निषेधाला उतरलेल्यांवर गोळ्या चालल्या, इंटरनेट बंद झालं. जमातीचा आवाज नसणं म्हणजे लोकशाही असणं नव्हे. केनियाच्या गोंगाटात मला टांझानियाच्या त्या ९८ टक्क्यांपेक्षा जास्त आशा दिसते.

केनियाबाबत एक गोष्ट मात्र मला अजून खुपते. जुलै २०१७ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, सरकारने आशियाई वंशाच्या केनियन नागरिकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. कित्येक पिढ्या तिथे राहिलेल्या गुजराती, पंजाबी, गोवेकर घरांना त्याचा आनंद झाला, आणि तो मी समजू शकतो. पण ज्या देशासाठी पिंटोंनी जीव दिला, त्या देशात त्यांच्या लोकांना आपलं म्हणवून घ्यायला जमातीचाच दाखला लागावा? सुदानी वंशाच्या नुबियन आणि सोमाली केनियनांना तर ओळखपत्रासाठी दशकानुदशकं वेगळ्या चौकशीला तोंड द्यावं लागलं. ओळखपत्र नाही तर मतदान नाही. २०२५ मध्ये रुटोंनी ही चौकशी थांबवण्याचा आदेश काढला. तो कागदावर राहू नये.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी केरळमध्ये उपचारांसाठी आलेल्या राइला ओडिंगांचं निधन झालं. ऑगस्ट २०२७ ची निवडणूक त्यांच्याविना होईल, आणि लुओ मतं आता कुणाकडे, किकुयू मतं कुणाकडे, असे हिशेब नैरोबीत केव्हाच सुरू झालेत. मला काळजी वेगळ्या गोष्टींची वाटते. निवडणूक आयोग जानेवारी २०२३ पासून जुलै २०२५ पर्यंत आयुक्तांविना होता. मतदारसंघांच्या फेररचनेची मुदत उलटून गेली. प्रचारखर्चावर मर्यादा घालणारा २०१३ चा कायदा कधी नीट अमलातच आला नाही, त्यामुळे पैसेवाला पुढारीच आपल्या समाजाचा ठेकेदार बनतो. आणि जून २०२४ मध्ये गोळ्या झाडणाऱ्या बहुतेक पोलिसांना अजून शिक्षा झालेली नाही. २०२७ मध्येही प्रत्येक केंद्राचं निकालपत्रक २०२२ सारखंच त्याच रात्री लोकांपुढे आलं पाहिजे, आणि त्याआधी त्या साठेक घरांचे खटले न्यायालयात उभे राहिले पाहिजेत.